तिघांची गणितं

कपाटाचं दार उघडून तिनं कॉम्प्युटरच्या पत्र्यावर तळहात टेकवला आणि चटकन मागे घेतला. पत्रा पोळत होता. मंगळवार, सकाळचे अकरा वीस. खालच्या हॉलमधली, चष्म्यांची भिंगं घासणारी सहाही यंत्रं बंद करून माणसं भिंतीकडेला उभी होती. चौथ्या यंत्राच्या मेस्त्रींना दोघांनी धरून बाकावर बसवलं होतं, कुणीतरी त्यांच्या भुवईवर रुमाल दाबला होता आणि रुमाल भिजत चालला होता. काय झालं ते तिला तिघांनी तीनदा सांगितलं. यंत्र चालवणारा कॉम्प्युटर मधेच मेला, चाक मात्र फिरत राहिलं, मेस्त्रींनी बघायला झाकण उचललं आणि भिंग फुटून तुकडा उडाला. बोटभर खाली लागला असता तर? डोळा वाचला, डोळा वाचला, असं जो तो तिच्याकडे बघून म्हणत होता. कंपनीतले सगळे कॉम्प्युटर तिच्या ताब्यात, म्हणून तिला बोलावलेलं, म्हणून तिच्याकडे बघून. त्यात दुसरं काही नाही हे तिला कळत होतं. तिनं पत्रा निवतोय का बघायला पुन्हा हात पुढे केला आणि तेव्हा तिला कडेवरची चिकटपट्टी दिसली. काळ्या पेनानं लिहिलेलं होतं, विक्री १७. अक्षर तिचंच.

सतरा नंबर इथे कसा? सतरा पहिल्या मजल्यावर, विक्री विभागात, खिडकीजवळच्या टेबलावर असायला हवा होता. तिच्या डोक्यात तारखा भराभर मागे जायला लागल्या. दोन महिन्यांपूर्वी बाबांना ताप आला म्हणून ती चार दिवस रजेवर होती; त्याच दिवसांत खालचा एक कॉम्प्युटर बिघडला आणि बाहेरच्या दुरुस्तीवाल्यानं वरचा एक आणून बसवला, असं तिला कुणीतरी जिन्यात सांगितलं होतं. ती "बरं" म्हणाली होती. कुठला आणला, हे विचारलंच नव्हतं. विचारायला हवं होतं, कारण वरच्या मजल्यांवरच्या एक्केचाळीस कॉम्प्युटरांत तिनं स्वतःच्या हातानं, कुणाला न सांगता, एक प्रोग्रॅम चढवून ठेवला होता. कॉम्प्युटर रिकामा असला, म्हणजे बसलेला माणूस चहाला गेला किंवा नुसता फोनवर बोलत बसला, की तो प्रोग्रॅम हळूच जागा व्हायचा आणि आपलं गणित करायला लागायचा. माणसानं माउसला बोट लावलं की निमूट बाजूला सरकायचा. एकोणीस महिन्यांत कुणाला त्याचा पत्ता लागला नव्हता. पण इथे खाली माउसला कोण बोट लावणार? मेस्त्री यंत्राचं हिरवं बटण दाबत, लाल बटण दाबत. आतला कॉम्प्युटर धूळ नको म्हणून बंद कपाटात, आणि प्रोग्रॅमला वाटत राहिलेलं की हा रिकामाच आहे, सदासर्वकाळ रिकामा. दोन महिने तो त्या कोंदट कपाटात जीव तोडून गणितं करत होता. आणि आज तापून पडला.

गणितं हवामानाची. बाबा एका वेधशाळेतून निवृत्त झालेले. छत्तीस वर्षं रोज ठरल्या वेळी बाहेर जाऊन तापमापक वाचलेला माणूस. त्यांच्याबरोबरचे तिघे मित्र. एक पारा, कारण तो क्षणात चढायचा. एक तळटीप, कारण त्याचं कुठलंही वाक्य "अर्थात यात एक आहे" असं म्हटल्याशिवाय संपायचं नाही. आणि तिसरा मामा, कारण तो सगळ्यांचाच मामा होता. निवृत्तीनंतर या चौघांना कुठून तरी कळलं की जगभरच्या हवामानाचं एक प्रचंड गणित काही शास्त्रज्ञांनी बारीक तुकडे करून वाटायला काढलंय, आणि हौशी लोक आपापल्या घरच्या कॉम्प्युटरवर एकेक तुकडा सोडवून परत पाठवतात. फुकट. केल्या कामाचे गुण मिळतात, त्या गुणांचं काही म्हणजे काहीच होत नाही. चौघं लहान मुलांसारखे हरखले. तिनंच प्रत्येकाच्या घरी जाऊन सगळं बसवून दिलं, खाती उघडून दिली, त्यांच्या हट्टापायी टोपणनावांनीच. मग रोज सकाळी गुणांची यादी उघडून बाबा एकेकाला फोन करायचे. "पाऱ्या, काल झोपला होतास काय रे? तळटीप तुझ्या पुढे गेला!" आई गेल्यापासून बाबांचा आवाज घरात एवढा मोठा कधी झाला नव्हता.

पारा गेला तेव्हा बाबा स्मशानातून येऊन अंघोळ करून गप्प बसले. रडले नाहीत. आठव्या दिवशी सकाळी मात्र यादी उघडून ते म्हणाले, "पारा थांबला." दुसऱ्या दिवशीही म्हणाले. रोज तोच आकडा, रोज तेच दोन शब्द, आणि नंतर चहा तसाच गार होणार. एका सोमवारी ऑफिसात आल्या आल्या तिनं विक्री विभागातल्या सहा कॉम्प्युटरांत पाऱ्याचं खातं चालू करून टाकलं. बाबांना सांगितलं, पाऱ्याच्या सूनबाईंनी कॉम्प्युटर चालू ठेवायचं ठरवलंय, सासऱ्यांची आठवण म्हणून. बाबा पडद्याकडेच बघत म्हणाले, "चांगली मुलगी आहे." पुढे सात महिन्यांत तळटीप गेले, मग मामा. सहाचे एकोणीस झाले, एकोणिसांचे एक्केचाळीस. फोन करायला आता कुणी नव्हतं. बाबा पडद्याशीच बोलायचे. "मामा, आज जोरात आहेस." ती डबा भरता भरता ऐकायची. आपण काही चोरलं नाही, असं ती स्वतःला सांगायची; रिकामा वेळच तर वापरला, तो तसाही वायाच जात होता.

"मॅडम, वर घेऊन या तो डबा," साहेब म्हणाले. साहेब म्हणजे कारखान्याचे व्यवस्थापक. उंच, खांद्यात वाकलेले, वाईट मुळीच नाहीत. मेस्त्रींना टाके घालायला पाठवून ते तिच्या खोलीत आले आणि तिच्या खुर्चीमागे उभे राहिले. कॉम्प्युटर एव्हाना निवला होता. त्यांच्यादेखत तो चालू करण्यावाचून इलाज नव्हता. एखादी सबब, एखादी तार उपटलेली, काहीतरी सुचेल असं तिला बटण दाबेपर्यंत वाटत होतं. पडदा उजळला, आणि एरवी पडद्यामागे राहणारा तो प्रोग्रॅम, गणित मधेच तुटलेलं म्हणून, आपला आपण उघडला, इमानी नोकरासारखा. गणित त्रेसष्ट टक्के पूर्ण. खातं, पारा.

"हे काय?"

"बघावं लागेल, साहेब."

"पारा? हे काय टोळीबिळीचं नाव आहे का?"

"बघावं लागेल," ती पुन्हा म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच निघाला, आणि त्याचीच तिला भीती वाटली.

"नीट बघा आणि लेखी द्या. हॉलमध्ये कुणी काय भरलं ते कळलंच पाहिजे मला." साहेब कॉम्प्युटर उचलून स्वतःच्या खोलीतल्या कपाटात कुलूपबंद करायला घेऊन गेले. ते गेल्यावर तिनं दार लोटून घेतलं. उरलेल्या चाळीस कॉम्प्युटरांतून प्रोग्रॅम काढायला तिला जागचं हलावंही लागलं नाही. खुर्चीत बसून एकेक नाव निवडायचं, काढून टाक म्हणायचं. बावीस मिनिटं लागली. तिसाव्याच्या सुमाराला तिच्या लक्षात आलं की आपण ओठ घट्ट मिटून, घरफोडी करणाऱ्यानं श्वास धरावा तसा श्वास धरून बसलो आहोत. संपल्यावर तिला वाटलं होतं, हलकं वाटेल. वाटलं नाही, संध्याकाळी भाजी निवडताना, रात्रीच्या जेवणाला, अंथरुणातही.

बुधवारी सकाळी ती केस विंचरत असताना बाबांनी हाक मारली. "अगं, इकडे ये. हे बघ. पारा थांबला. तळटीपही. मामाही. तिघंही एकदम." त्यांचं बोट पडद्यावरून खालीवर होत होतं. "काल दुपारपासून. असं कसं होईल? तिघांची घरं तीन टोकांना." ती म्हणाली, "त्यांच्याकडेच काहीतरी बिघाड असेल, शास्त्रज्ञांकडे." बाबा म्हणाले, "मग माझं कसं चालू आहे?" तिनं घड्याळाकडे बघितलं, उशीर होतोय म्हणाली, चपला घातल्या. छत्तीस वर्षं आकड्यांतली चूक शोधणाऱ्या माणसाशी आपण खोटं बोलतोय, हे तिला फाटकापाशी पोचल्यावर उमगलं.

अकराला साहेबांनी मेस्त्रींना बोलावलं. तिलाही. मेस्त्री भुवईवर पांढरी पट्टी लावून, धुतलेला शर्ट घालून आले होते, आणि खुर्ची दिली तरी अर्धेच टेकले. तेवीस वर्षं भिंगं घासून त्यांच्या बोटांची टोकं गुळगुळीत झाली होती. तिनं ती बोटं इतक्या जवळून पहिल्यांदा पाहिली. साहेबांनी कंपनीची नियमावली तिच्यापुढे सरकवली. "सातवं कलम वाचा, मॅडम." कंपनीच्या कोणत्याही संगणकात लेखी परवानगीवाचून कोणताही प्रोग्रॅम चढवू नये, चढवल्यास तो गंभीर गैरवर्तनाचा भाग समजला जाईल. कलम तिनंच लिहिलेलं होतं, चार वर्षांपूर्वी. 'गैरवर्तन'च्या आधी 'गंभीर' घालावं की नाही, यावर तिनं तेव्हा अर्धा तास विचार केला होता. ती ते मोठ्यानं वाचत गेली, आणि वाचता वाचता तिला वाटलं की आता, या पूर्णविरामानंतर, आपण सांगून टाकणार.

"मेस्त्री, गेल्या वर्षी तुम्ही त्या कॉम्प्युटरवर गाणी लावली होती. खरं की नाही?" साहेबांनी विचारलं.

"लावली होती साहेब. मुलीनं पेनड्राइव्हमध्ये भरून दिली होती. तुम्ही बोललात, त्या दिवसापासून बंद. आणि तो कॉम्प्युटर वेगळा होता, हा नवीन आलाय."

"सवय तीच ना पण?"

"मला त्यातलं काय कळतं, साहेब? हिरवं दाबतो, लाल दाबतो." मेस्त्री तिच्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर विश्वास होता, साधा, ओळखीच्या माणसावर असतो तसा. "मॅडमना विचारा. मॅडम, तुम्ही सांगा ना. असं आपोआप येतं का काही?"

खोलीत पंख्याची घरघर होती. बाहेर कुणीतरी हातगाडी ढकलत नेत होतं आणि तिचं एक चाक कुरकुरत होतं. ते जाईपर्यंत ती थांबली. नोकरी, बाबांची औषधं, बाबांची सकाळ, चव्वेचाळीस वर्षांच्या बाईला आता कोण घेणार. हे सगळं त्या कुरकुरीत आलं आणि गेलं. "येऊ शकतं," ती म्हणाली. "बाहेरून येतं. गाण्यांबरोबरही येऊ शकतं."

मेस्त्रींनी नुसती मान एकदा खाली केली, चुकीचं भिंग पेटीत टाकताना करतात तशी. चौकशी पुरी होईपर्यंत त्यांनी घरी बसावं, असं साहेबांनी सांगितलं. जाताना त्यांनी तिच्यासाठी दार धरून ठेवलं. तीही निघणार असेल, असं त्यांना वाटलं. ती बसून राहिली.

तो दिवस आणि पुढचा दिवस तिनं अहवाल लिहिण्यात घालवला. म्हणजे एक वाक्य लिहायचं, खोडायचं. 'सदर प्रोग्रॅम अज्ञात मार्गाने' इथपर्यंत ती सहा वेळा आली. अज्ञात या शब्दापाशी बोटं थांबायची. मग ती उठून पाणी प्यायची, जिन्यावरून हॉलमध्ये डोकावून यायची. चौथ्या यंत्रावर कापड टाकलं होतं. बाकीचे मेस्त्री तिला बघून बोलणं थांबवत नव्हते, उलट हसून विचारत होते, "मॅडम, सापडलं का काही? आमच्या माणसाला सोडवा हो लवकर." कुणाला तिचा संशय नव्हता. संशय असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटायला लागलं. निदान कुणीतरी तिच्याकडे ती जी आहे ती म्हणून बघितलं असतं. जेवणाच्या सुट्टीत तिनं डबा उघडला, पोळीचा तुकडा मोडला आणि तो हातात धरून ती किती वेळ बसली ते तिला कळलं नाही. आपल्याला अटक वगैरे होईल का, असा एक वेडा विचार आला, आणि त्याच्या पाठोपाठ त्याहून वेडा, की मेस्त्रींच्या मुलीनं पेनड्राइव्ह दिला होता, तर आता घरी त्या मुलीला काय वाटत असेल.

गुरुवारी संध्याकाळी ती घरी आली तर दार उघडंच होतं. बाबा फोनजवळच्या खुर्चीत बसले होते, मांडीवर त्यांची नंबरांची जुनी वही. दिवा लावला नव्हता.

"तिघांच्याही घरी फोन केला," बाबा म्हणाले. "पाऱ्याची सून म्हणाली, काका, तो कॉम्प्युटर ते गेल्यावर महिन्याभरातच देऊन टाकला आम्ही. तळटीपकडे कुणाला काही माहीतच नाही. मामाचं घर विकलं."

ती चपला न काढता उभी राहिली.

"मग मी रोज सकाळी कोणाशी बोलत होतो गं?"

तिनं सांगितलं. उभ्यानंच, पर्स खांद्यावर तशीच. विक्री विभागातले सहा, मग एकोणीस, मग एक्केचाळीस. सतरा नंबर, कपाट, मेस्त्रींची भुवई. पंख्याच्या आवाजात म्हटलेलं ते वाक्यही सांगितलं, शब्दाला शब्द. सांगताना रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण आलं नाही. बाबा ओरडतील, किंवा माझ्यासाठी केलंस म्हणून हात धरतील, दोन्हींची तिनं तयारी केली होती. बाबांनी विचारलं, "माझ्या नावावर किती घातलेस?"

"काही नाही. तुमच्या नावावर फक्त तुमचंच आहे."

"नक्की?"

"नक्की, बाबा."

"एकसुद्धा नाही?"

"नाही."

त्यांनी वही मिटली. बराच वेळ वहीच्या पुठ्ठ्यावरून अंगठा फिरवत राहिले. "माझ्यावर दया केलीस," ते म्हणाले. "सांगायचं नाहीस मला? मेलेली माणसं मेलेलीच बरी असतात गं. मी काय, रडलो असतो दोन दिवस." मग एकदम वेगळ्या, कामाच्या आवाजात, "तो माणूस घरी बसलाय?"

"हो."

"साहेब किती वाजता येतो तुझा?"

"नऊला."

"मग साडेआठला पोच." उठून त्यांनी दिवा लावला आणि तिच्याकडे न बघता आत गेले. स्वयंपाकघरात त्यांनी कुकरचं झाकण उगाच दोनदा उघडून लावलं. तो आवाज ती बाहेर उभी राहून ऐकत होती.

साहेबांना सांगायला चार मिनिटं लागली. ते पहिल्यांदा हसले, त्यांना ती मेस्त्रींची बाजू घेतेय असं वाटलं. मग तिनं पाऱ्याचं खातं स्वतः उघडून दाखवलं तेव्हा ते खुर्चीत मागे टेकले. "हवामान?" ते म्हणाले. "मॅडम, हवामान?" नंतर बोलले ते सगळं बरोबर बोलले. सातव्या कलमाबद्दल, भुवईबद्दल. आणि खोटं बोलल्याबद्दल सगळ्यात हळू बोलले. वरच्या साहेबांना फोन झाला. दुपारपर्यंत ठरलं, तिनं महिनाअखेर राजीनामा द्यायचा, कंपनी तो घेईल आणि प्रकरण पुढे वाढवणार नाही, आणि तोवर बाहेरचा दुरुस्तीवाला तिच्याकडून सगळं समजून घेईल. मेस्त्रींना निरोप गेला, लेखी, सहीशिक्क्यासह. आता संपलं, असं ती मनात म्हणाली, आणि सोमवारी मेस्त्रींना भेटून माफी मागायची तेवढी राहिली. शनिवार-रविवार तिनं वाक्यं जुळवली. त्या वाक्यांत बाबा होते, तिघं मित्र होते. ऐकून मेस्त्रींचे डोळे पाणावतील आणि ते "असू दे मॅडम" म्हणतील, इथवर ती पोचली होती.

सोमवारी नऊला नवीन कॉम्प्युटर घेऊन ती हॉलमध्ये गेली. मेस्त्रींनी यंत्रावरचं कापड काढून घडी घातली होती. पट्टी गेली होती; भुवईच्या केसांत काळ्या दोऱ्याच्या दोन गाठी दिसत होत्या. तिनं जुळवलेल्या वाक्यांतलं पहिलं वाक्य सुरू केलं, "मेस्त्री, माझे वडील..." आणि मेस्त्री म्हणाले, "साहेबांनी सांगितलं मला सगळं."

"मला माफ करा."

त्यांनी घडी फळीवर ठेवली. आवाज चढवला नाही. "त्या दिवशी मी तुमच्याकडे बघून विचारलं, मॅडम. दुसऱ्या कुणाकडे बघून नाही. घरी गेल्यावर मुलगी रडायला लागली, बाबा, माझ्या गाण्यांमुळे झालं का? बायको दोन दिवस विचारत होती, खरं सांगा, काय बघत होता त्याच्यावर." त्यांनी फळीवरची घडी सारखी केली. "आता माफ केलं म्हटलं तर तुम्ही घरी जाऊन निवांत झोपाल. माझ्या घरी अजून कुणी झोपलेलं नाही नीट."

बोलण्यासारखं जे होतं ते तिनं दोन दिवस जुळवलं होतं, आणि त्यातलं एकही वाक्य या माणसासाठी नव्हतं.

"चला," मेस्त्री म्हणाले, "सुरू करून द्या. माल अडकलाय सहा दिवसांचा."

ती त्यांच्या स्टुलावर बसली. ते मागे उभे राहिले, अगदी जवळ. तिनं एक कळ दाबली.

"आत्ता काय केलंत?"

"यंत्राशी जोडला."

"आणि हे?"

"तारीख-वेळ लावतेय."

"ती कशाला?"

तिनं सांगितलं. मग पुढची कळ दाबण्याआधीच ती सांगायला लागली; हे भिंगांच्या मापांसाठी, हे तापलं तर आधीच भोंगा वाजावा म्हणून, यात आणखी काय काय आहे ते इथे दिसतं, बघा, एवढंच आहे. मेस्त्री वाकून प्रत्येक ओळ वाचत होते, कळत नव्हती तीही. पंधरा मिनिटांचं काम, पाऊण तास लागला. बाकीची पाचही यंत्रं सुरू झाली होती आणि पाण्याचा, घासण्याचा आवाज हॉलभर भरला होता, त्यामुळे तिला प्रत्येक गोष्ट मोठ्यानं सांगावी लागत होती, आणि आजूबाजूचे मेस्त्री माना वर न करता ती ऐकत होते.

"आता पासवर्ड," ती म्हणाली. "तो तुम्ही घाला. मलाही सांगू नका."

मेस्त्री स्टुलावर बसले. कळांवर बोट धरून त्यांनी तिच्याकडे बघितलं. ती उठून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. पाठीमागे एकेक कळ वाजत होती, मध्ये लांबलचक थांबा घेत, एका बोटानं अक्षर शोधत. मग त्यांनी काहीतरी पुसलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

"झालं?" बऱ्याच वेळानं तिनं विचारलं.

"नाही," मेस्त्री म्हणाले.